बेळगाव-खानापूर भागात परसात करपा न येणारे पिवळे कॉकटेल टोमॅटो कसे लावावेत?

करपा अजिबात न येणारा वाण नसतो. प्रतिकारक वाणात तो उशिरा येतो आणि सावकाश पसरतो. पाकिटावर ‘लेट ब्लाइट’ला (म्हणजे उशिराच्या करप्याला) प्रतिकारक असं स्पष्ट लिहिलेलं बघूनच बी घ्या. नुसतं ‘रोगप्रतिकारक’ म्हणजे करप्याला प्रतिकारक असेलच असं नाही.

खानापूरच्या पावसात उघड्यावर लागण करू नका. ऑगस्टअखेर रोप टाका, चार-पाच पानांवर आलं की सप्टेंबरअखेर लावा. दोन रोपांत दोन फूट अंतर, कुंडी असेल तर किमान २० लिटरची. बटाट्याच्या वाफ्याजवळ मुळीच नको, दोघांचा करपा एकच. आपल्याकडे बटाटा भरपूर, म्हणून हे आधी पाहा.

पान ओलं राहिलं की रोग शिरतो, विशेषतः १५ ते २२ अंशांच्या थंडीत. म्हणून पाणी सकाळी, बुडाशीच. झाड काठीला बांधा, खालची फूटभर पानं काढा, बुडाशी उसाचं पाचट पसरा, म्हणजे माती पानांवर उडत नाही.

पानावर तेलकट, काळपट डाग आणि सकाळी पानाखाली पांढरी बुरशी दिसली तर तो उशिराचा करपा. ती पानं लगेच काढून जाळा, खतात टाकू नका. गोल वलयांचे तपकिरी डाग खालच्या पानांवर असतील तर लवकरचा करपा. तो तितका घातक नाही. ढगाळ हवा दिसताच, डाग पडण्याआधी, कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला अडीच ग्रॅम घेऊन फवारा. फळं धुऊनच खा.