मैत्री आधी स्वतःशी

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातून विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर करून परतलात आणि घरी आजारपण, नोकरीचा घोर. त्यात मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, जमत नाही म्हणून स्वतःलाच बोल लावताय. ते आधी थांबवा. शिबिरात दहाव्या दिवशी शिकलेली ही मंगल मैत्री खवळलेल्या मनावर लादायची नसते. आधी आनापान करा, नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघा. मन जरा निवळलं की मग मैत्री. जुन्या पाली परंपरेत ती स्वतःपासूनच सुरू होते: माझं मंगल होवो, माझ्या मनातलं वैर मिटो. (हा स्वार्थ नव्हे, बरं का!) मग जिवाभावाचं माणूस, मग अनोळखी. ज्यानं दुखावलंय तो सगळ्यांत शेवटी. आज नाही जमलं तर राहू द्या. रडू आलं तर येऊ द्या. झोप मात्र मोडू नका, आणि फारच खचल्यासारखं वाटलं तर ध्यानाची बैठक बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा.