दीड किलो मीठ

"बीपीची गोळी कॅल्शियम अडवते म्हणे. मग माझ्या हाडांचं काय?" हा प्रश्न माझ्यासमोर इतक्यांदा आला आहे, की आता नीट लिहूनच टाकते. विचारणारी बहुधा चाळिशीतली बाई असते, माहेरी बीपी असतं आणि गोळी मध्येच सोडलेली असते. इथल्या ताई अशाच अनेकींतून घडलेल्या. ओळख पुसली आहे.

वय 43. आईला बीपी, मामाला अर्धांगवायू. डॉक्टरांनी अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम दिलेली. ताईंनी दहाची पट्टी टेबलावर ठेवली. तीन घरं रिकामी, सात भरलेली.

"भाच्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं, ही 'कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर' आहे. मॅडम, आई गेल्या वर्षी पडली, खुब्याचं हाड मोडलं. म्हणून ही बंद केली आणि कॅल्शियमची गोळी सुरू केली, दिवसाला दोन."

माझा अनुभव असा, की शरीरात काय घडतं ते माणसाला कळलं की निम्मी भीती आपोआप उतरते. म्हणून कागदावर धमनी काढली. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातलं ठरलेलं, डेसिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींच्या आत मात्र ते बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कमी. पेशीला बारीक दारं असतात. दार उघडलं की कॅल्शियम आत शिरतं, स्नायू आवळतो, धमनी अरुंद होते, दाब चढतो. मग पंप ते बाहेर फेकतो आणि स्नायू सैलावतो. अम्लोडिपिन ही दारं कमी उघडू देते, एवढंच. हाडातलं कॅल्शियम ती काढत नाही.

ताई चित्राकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि आईकडून मला काय आलं? माझ्या मुलीलाही येणार का?"

खरा प्रश्न हा होता. हाडांची काळजी त्याच्यावर पांघरलेली होती.

माणसामाणसांच्या रक्तदाबातला साधारण 30 ते 50 टक्के फरक आनुवंशिक असतो. वर सांगितलेल्या पंपाचं एक जनुक आहे, एटीपी2बी1. 2009 च्या मोठ्या जनुकीय पाहण्यांत त्याचं बीपीशी नातं ठळकपणे दिसलं. पण अशी शेकडो ठिकाणं आहेत आणि एकेकाचा वाटा अगदी थोडा. मी ताईंना विचारलं, "घरात माणसं किती? मीठ महिन्याला किती लागतं?"

"चौघं. दीड किलो. आईकडेही तेवढंच लागायचं. लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी आणि ताटात वरून मीठ."

हिशेब त्यांनीच केला. दीड किलो भागिले चार, भागिले तीस: साडेबारा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. "म्हणजे आईकडून मीठसुद्धा आलं," त्या म्हणाल्या. या वाक्यासाठी मी तीन भेटी थांबले होते. मिठातलं जास्तीचं सोडियम लघवीतून जाताना कॅल्शियमही घेऊन जातं, हे नंतर सांगितलं तेव्हा हाडं आणि बीपी यांतून एक निवडायचा प्रश्नच उरला नाही.

आता करायचं काय? चौघांच्या घरात एक किलोची पिशवी किमान 50 दिवस पुरली पाहिजे. फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. बाहेरच्या फरसाण-पापडातलं मीठ या हिशेबात येत नाही, म्हणून ते वेगळं कमी करा. प्रौढांना दिवसाला 1000 मिलिग्रॅम, पाळी गेलेल्या बायकांना 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे 350, पेलाभर दुधात (200 मिली) सुमारे 240. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम शोषू देत नाही. कॅल्शियमच्या गोळीनं दाब उतरतो तो नगण्य, म्हणून ती बीपीचं औषध समजून घेऊ नये. डॉक्टरांनी हाडांसाठी दिलीच, तर एका वेळी 500 मिलिग्रॅमपर्यंत. गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणासोबत, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. लघवी वाढवणारी थायझाइड गटातली गोळी चालू असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. तिनं लघवीतून कॅल्शियम जाणं कमी होतं आणि रक्तातलं जास्त वाढलं तर त्रास होतो.

अम्लोडिपिननं घोट्याला सूज येऊ शकते. बारीक धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या सैलावत नाहीत आणि पाणी झिरपतं. गोळी मनानं सोडू नका. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. विशीतच बीपी निघालं किंवा पोटॅशियम कमी असेल, तर अल्डोस्टेरॉनची (शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाची) तपासणी करायची का, हे जरूर विचारा.

घरी मोजताना चहानंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, हात छातीच्या पातळीला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. 135/85 किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे वही न्या.

ताईंची सरासरी 148/94 होती. गोळी पुन्हा सुरू केल्यावर तिसऱ्या महिन्यात 130/82 आली. मिठाची पिशवी 44 दिवस पुरली; तारीख मुलीच्या अक्षरात होती.