पाटल्यांचं रान

"ताई, जमिनीचं झालं. वकिलाकडून मृत्युपत्र करून घेतलं. पण आमच्या घरानं काय भोगलं, आम्ही कसं वागलो, हे लेकरांना कसं देऊन जावं?"

लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक सत्तरीच्या आसपासचे असतात. औसा तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी मात्र उत्तरही सोबत घेऊनच आले. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल ते बदललं आहे.)

उत्तर म्हणजे शंभर पानी वही. लाल शाईनं आखलेला समास, वर 'आपल्या घराण्याचे संस्कार', खाली एकवीस नियम. खरे बोलावे. कर्ज काढून सण करू नये. बहीण-भावांनी एकोप्याने राहावे. धाकटा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. त्यानं वहीचा फोटो पाहून घरच्या ग्रुपवर लिहिलं, "अप्पांनी परिपत्रक काढलं." ते गुरुजींना फार लागलं होतं. मला हसू आवरावं लागलं, कारण पोराचं काही चुकलं नव्हतं. ती वही कुठल्याही शाळेच्या भिंतीवर खपली असती.

मी वही बाजूला ठेवली आणि मृत्युपत्राची प्रत मागितली. गट क्रमांक, 1 हेक्टर 20 आर, चतुःसीमा.

"ह्या तुकड्याला घरात काय म्हणता?"

"पाटल्यांचं रान." आणि गुरुजी वर्गात शिकवावं तसं सांगू लागले. 1972 चा दुष्काळ. आई खडी फोडायला जायची, पदरात सुकडी घेऊन यायची. हे रान सावकाराकडे गहाण पडलं होतं, ते पाटल्या मोडून सोडवलं. गोष्ट सराईत होती, नातवंडांना पाठ असावी अशी. मी सहज विचारलं, "आईच्या पाटल्या?"

गुरुजी थांबले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला नाही.

"आक्काच्या. थोरल्या बहिणीच्या. नवी नवरी होती. माहेरी आली अन् न्हाणीघरात साबण लावून काढून दिल्या. सासरी हरवल्या म्हणून सांगितलं." मग बऱ्याच वेळानं, "वडील वारल्यावर मीच तिच्याकडून हक्कसोड घेतलं, जमिनीतला वाटा सोडल्याचा कागद. तलाठ्याकडं काम आहे म्हणलं. तिनं सही केली. वाचून दाखवलं नाही."

आता खरी अडचण अशी, की दहाच मिनिटांपूर्वी गुरुजी मला म्हणाले होते, "लेकीकडूनही हक्कसोड करून ठेवतो, ती काही नाही म्हणायची नाही." मी एवढंच विचारलं, "आक्का 'नाही' म्हणल्या होत्या का?"

त्या दिवशी पुढं काही बोलणं झालं नाही.

पुढच्या खेपेला मी त्यांना आधी वकिलाकडे पाठवलं. कायदा माझा प्रांत नाही, पण मोटामोटी गोष्टी घरात माहीत हव्यात. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क 2005 पासून लेकाएवढाच आहे, आणि वडील त्या वर्षी हयात असण्याची अट नाही हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. म्हणजे मृत्युपत्रात गुरुजी फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि आठवणींचं पत्र लिहायचं तर वेगळं लिहावं. त्यात वाटणीचा एक शब्दही नको, नाहीतर उद्या भाऊ-बहीण त्याच पत्रावरून कोर्टात उभे राहतात.

गुरुजींच्या घरात जुना कागद, फोटो काही उरलेलं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांचा दगडमातीचा वाडा बसला, पेट्या त्याच ढिगाऱ्यात गेल्या. अशा घरात जे आहे ते माणसांच्या तोंडात आहे, म्हणून आधी सगळ्यांत वयस्कर माणूस गाठायचं. वस्तूपासून सुरुवात करावी, अडकित्ता, जर्मनचा डबा, रानाचं नाव, काहीही. अर्ध्या तासाच्या वर बसू नये. 'तुमच्या काळी कसं होतं' असं विचारलं की भाषण मिळतं. 'त्या दिवशी स्वयंपाक काय होता' विचारलं की माणूस बोलायला लागतो.

गुरुजी दिवाळीत सगळ्यांना घेऊन बहिणीकडे गेले, बीड जिल्ह्यात. आक्का आता शहात्तरच्या. नातीनं फोन पुढं धरला.

"काय करलालीस गं?"

"तुमची गोष्ट रेकॉर्ड करलालो, आज्जी."

गुरुजींनी सगळ्यांच्या देखत सहीचं सांगितलं. थोरला मुलगा, जो गावात शेती बघतो, उठून ओट्यावर गेला. "हे आत्ता कशाला उकरायचं?" एवढंच म्हणाला. नंतर तीन आठवडे तो बापाशी बोलत नव्हता. त्याचा राग मला समजतो. राबणारा तो आहे, आणि त्याला पहिल्यांदाच कळत होतं की पायाखालची जमीन कुणाच्या तरी सहीवर उभी आहे. ह्यावर माझ्याकडे झटपट उपाय नव्हता. तो स्वतःहून आला तेव्हा त्याच्याशी स्वतंत्र दोन बैठका झाल्या, अजून चालू आहेत. लेकीचं हक्कसोड मात्र गुरुजींनी बाजूला ठेवलं.

आक्कांना सहीचं आधीपासून माहीत होतं. "मला काय अक्षर येत नव्हतं का रे? चौथी शिकलेली बाई मी." पण त्यांचा आक्षेप वेगळाच निघाला. "पाटल्या कुठल्या? गोठ होते, हातातली भरीव कडी. अन् रान अर्ध्यातच सुटलं. राहिलेल्या पैशात तुझं लातूरचं कॉलेज झालं. माई म्हणली होती, त्याला सांगू नको, शिकायचं सोडंल."

गुरुजी मागच्या आठवड्यात आले तेव्हा वही आणली नव्हती. मृत्युपत्र नव्यानं लिहायचं चाललं आहे.

"ताई, गट क्रमांकापुढं रानाचं नाव लिहिलं तर चालंल म्हणले वकील. पण पंचाईत झालीय."

"कसली?"

"गोठांचं रान लिहिलं तर लोकांना जनावरांचा गोठा वाटंल."