‘नेटिव्हिझम’साठी ‘देशीवाद’ चालेल काय?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत स्थलांतरितांविषयी जे जनमत होते, त्यावरील लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘नेटिव्हिझम’साठी, म्हणजे बाहेरून येऊन वसणाऱ्यांना होणाऱ्या विरोधासाठी, मराठीत ‘देशीवाद’ म्हणावे की ‘भूमिपुत्रवाद’, आणि ‘इमिग्रंट’साठी सर्वत्र ‘स्थलांतरित’ चालेल काय.

‘देशीवाद’ चालणार नाही, असे माझे मत आहे. भालचंद्र नेमाडे यांनी रूढ केलेल्या या संज्ञेला इंग्रजीत ‘नेटिव्हिझम’ असेच म्हणतात, त्यामुळे उलट दिशेनेही तोच शब्द लागू पडेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नेमाड्यांचा देशीवाद ही साहित्य आणि संस्कृती यांच्या मुळांविषयीची भूमिका असून तिचा रोख बाहेरून उसन्या घेतलेल्या मापदंडांवर आहे. अमेरिकेतील नेटिव्हिझमचा रोख मात्र बंदरात उतरणाऱ्या गरीब माणसावर होता. शिवाय इंग्रजी अमदानीत आपल्याकडे ‘नेटिव’ हा शब्द राज्यकर्त्यांनी प्रजेला लावला, आणि तोही बहुधा तुच्छतेने. तिकडे तो १८४०च्या दशकापासून राजकीय पक्षांनी स्वतःच्या नावात मिरवला.

‘भूमिपुत्रवाद’ त्याहून अधिक फसवा आहे. भूमिपुत्र म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबलेला माणूस मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर येतो, आणि अमेरिकेत तो मान कोणाचा असेल तर तेथील आदिवासींचा. पण या वादात त्यांना कोणी विचारलेही नाही. ओरड करणारे होते ते आधी आलेल्यांचे वंशज, आणि कधी कधी तर स्वतःच आलेले. १८७३च्या मंदीनंतर मजुरी घसरली असताना सॅन फ्रान्सिस्कोत १८७७ मध्ये कामगारांचा पक्ष काढून ‘चिन्यांनी चालते व्हावे’ अशी घोषणा देणारा डेनिस कर्नी हा आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. पुढे १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांचा प्रवेश दहा वर्षांसाठी बंद झाला, आणि १८८५ मध्ये वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी खाणकामगारांना ठार मारले. ज्या आयरिश लोकांपैकी कर्नी होता, त्यांच्याच कॅथलिक धर्माविरुद्ध १८८७ मध्ये आयोवा राज्यातील क्लिंटन गावी ‘अमेरिकन प्रोटेक्टिव्ह असोसिएशन’ ही संघटना निघाली, आणि कॅथलिकांना मत देणार नाही अशी शपथ तिचे सभासद घेत. १८९१ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या तुरुंगात शिरून जमावाने अकरा इटालियनांचा बळी घेतला. १८९४ मध्ये बॉस्टन येथे हार्वर्डच्या पदवीधरांनी ‘इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन लीग’ स्थापन केली. तिची भाषा सभ्य होती आणि मागणी साक्षरतेच्या परीक्षेची होती, पण त्या चाळणीतून गळावेत असे तिला वाटत होते ते दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे लोकच. तसे विधेयक संमतही झाले. १८९७ मध्ये ते नाकारताना राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी, आज उत्तम नागरिकांत गणल्या जाणाऱ्या लोकांविषयीही पूर्वी असेच बोलले जात होते, याची आठवण काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, करून दिली.

क्लीव्हलंड यांनी बोट ठेवले ते नेमके या वादाच्या मर्मावर. आधी आलेल्यांनी मागून येणाऱ्यांना केलेला हा विरोध आहे, आणि म्हणून मी ‘आगंतुकविरोध’ असा शब्द सुचवतो. आगंतुक म्हणजे न बोलावता आलेला. विरोध करणाऱ्यांच्या मनातील कडवटपणा त्यात आपोआप उतरतो, आणि विरोध करणारा स्वतः मूळचा तिथला असलाच पाहिजे असे मात्र तो शब्द सुचवत नाही. ‘परकीयद्वेष’ हा शब्द वाईट नाही, पण त्यात शेजारच्या राष्ट्राशी असलेले वैरही मावते. पहिल्या उल्लेखात ‘नेटिव्हिझम’ हे मूळ नाव देऊन पुढे मराठी शब्द चालवावा.

‘इमिग्रंट’साठी ‘स्थलांतरित’ बहुतेक ठिकाणी योग्य आहे. ‘निर्वासित’ सरसकट लावू नये, कारण यांतील बहुसंख्य लोक कामाच्या शोधात आले होते. परंतु कायद्याचा संदर्भ येईल तिथे सावध राहावे. चिनी मजुराला नागरिकत्व मिळवण्याचा मार्ग १८८२च्या कायद्याने स्पष्टपणे बंद केला होता, म्हणून त्याच्यासाठी तिथे ‘परकीय’ हाच शब्द नेमका ठरतो. त्याच्या मुलाला मात्र तो लावता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना चीनहून परतताना बंदरात अडवले गेले, तेव्हा ते जन्माने नागरिक आहेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये दिला. त्यांना ‘चिनी स्थलांतरित’ लिहिणे चूक होईल. याच न्यायालयाने १८८४ मध्ये, त्याच भूमीवर आपल्या जमातीत जन्मलेल्या जॉन एल्क या आदिवासी गृहस्थांना जन्माने नागरिक मानण्यास नकार दिला होता, तेव्हा त्यांच्या संदर्भात ‘नेटिव’चे भाषांतर ‘जन्मजात नागरिक’ असेही करता येणार नाही.