नानांना विचारा: दार उघडायचं तर आधी हवा सोडा

२०२४ च्या सप्टेंबरात अकरा पत्रं आली आणि त्यांतली सात एकाच गोष्टीवर. अमेरिकेतला कुणी धनिक स्वतःच्या पैशाने आणखी तिघांना घेऊन अवकाशात जाणार, आणि तिथे दार उघडून बाहेर येणार, हे खरं का? पत्रं आली तेव्हा त्यांचं यान फ्लोरिडात जमिनीवरच उभं होतं. माझा लिहिण्याचा वेग तुम्हाला माहीत आहे. मी वही उघडेपर्यंत मंडळी जाऊन, बाहेर डोकावून, समुद्रात उतरून घरीसुद्धा पोचली. बरंच झालं. धनिकाचं नाव जॅरेड आयझॅकमन, मोहिमेचं नाव पोलारिस डॉन, आणि यान स्पेसएक्स कंपनीचं ड्रॅगन. ठरलं काय होतं आणि झालं काय, दोन्ही सांगता येईल.

नव्या वाचकांसाठी एकदा सांगून ठेवतो. मी शास्त्रज्ञ नाही. भुसावळला रेल्वेत डब्यांच्या ब्रेकचं काम केलं, आधी व्हॅक्यूम ब्रेक, मग हवेचा. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट माझ्यासमोर ठेवा, मी आधी विचारतो, हिच्यात हवेचा दाब किती आणि गळती कुठून.

स्पेसवॉक म्हणजे तिथे चालतात का? पाय कशावर ठेवतात? (चोपड्याहून नववीतली एक मुलगी)

चालत नाहीत, बेटा. नाव उगाच तसं पडलंय. या वेळी तर तरंगत दूर जाणंही नव्हतं आणि ते आधीपासूनच ठरलेलं होतं. ड्रॅगन यानाच्या नाकाशी एक झाकण आहे, तिथे शिडीसारखा कठडा बसवला होता. झाकण उघडायचं, कठड्याला धरून गुडघ्यापर्यंत बाहेर यायचं, हात-खांदे-कंबर हलवून नवा सूट कुठे अडतो ते पाहायचं, आणि आत यायचं. कमरेशी सुमारे साडेतीन मीटरची नळी. तीतूनच ऑक्सिजन, वीज आणि बोलण्याची तार. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असतो तशी, फक्त या दोरातून श्वासही येतो.

१२ सप्टेंबरला, गुरुवारी, आपल्याकडे दुपारचे पावणेचार वाजत आले होते तेव्हा काम सुरू झालं. आधी आयझॅकमन बाहेर आला, मग त्याच्या बरोबरची सारा गिलिस. प्रत्येकी फार तर सात-आठ मिनिटं. मी नातवाच्या मोबाइलवर बघत होतो. आतून सून म्हणाली, "बाबा, एवढ्याचसाठी दुपारची झोप मोडली?" तिला वाटलं, उडतील. पण एकूण काम चाललं पावणेदोन तास. त्या पंधरा मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे जे चाललं होतं, त्याच्यासाठीच मी जागा राहिलो होतो.

बाहेर दोघंच येणार होते, मग आतल्या दोघांनी सूट का घातले? (धरणगावहून एक गृहिणी)

ताई, सातही पत्रांत हा प्रश्न सगळ्यात चांगला. याला जरा जागा देतो.

अंतराळ स्थानकाला बाहेर जायची वेगळी खोली आहे, दोन दारांची. जुन्या वाड्याची देवडी समजा. आतलं दार लावायचं, मधल्या खोलीतली हवा काढायची, मग बाहेरचं उघडायचं. घरातल्या बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. ड्रॅगनमध्ये देवडी नाही. ओसरीच नाही, एकच खोली. केळी पिकवायच्या चेंबरसारखं: दार उघडलं की आतलं सगळं बाहेर. म्हणून बाहेर एकाला यायचं असलं तरी अख्ख्या खोलीतली हवा सोडावी लागते. मागे बसलेले स्कॉट पोटीट आणि ॲना मेनन खुर्चीतच होते, नळ्या सांभाळत. पण त्यांच्याभोवतीही पोकळीच. म्हणजे बाहेर दोघं आले तरी पोकळीत चौघं होते.

ही पद्धत नवी नाही. १९६५ च्या जूनमध्ये अमेरिकेचा एड व्हाइट जेमिनी यानातून बाहेर आला तेव्हा आत बसलेला त्याचा जोडीदारही असाच सूट घालून हवेविना बसला होता. साठ वर्षांपूर्वीचीच रीत, सूट तेवढे नवे.

पोकळी माझ्या ओळखीची आहे. व्हॅक्यूम ब्रेकच्या गाडीत आम्ही रोज इंजिनपासून गार्डच्या डब्यापर्यंत नळीतली हवा ओढून घ्यायचो. पूर्ण पोकळी म्हणजे गेजवर पाऱ्याचे ७६ सेंटिमीटर. आम्ही ५३ वर खूश असायचो. आणि तीही चार बोटं रुंद नळीत. इथे माणसं बसलेली खोली पूर्ण रिकामी करायची, आणि काम झाल्यावर परत भरायची. भरायला जादा नायट्रोजन आणि ऑक्सिजन घरूनच न्यावा लागतो, वर काही मिळत नाही. खोलीतला प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक बटण हवेविना टिकणारं हवं.

आणि घाई करता येत नाही. आपल्या रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो. दाब एकदम उतरला तर गोटीसोड्याची गोटी दाबल्यावर होतं तसं अंगात होतं, बुडबुडे. म्हणून वर गेल्यापासून जवळपास दोन दिवस ते खोलीतला दाब हळूहळू उतरवत होते आणि ऑक्सिजनचं प्रमाण वाढवत होते. पंक्चरवाला ज्याला पॉइंट म्हणतो त्या हिशेबात सांगतो. आपल्या अंगावर हवेचा दाब साधारण साडेचौदा पॉइंट. त्यांनी तो साडेआठच्या जवळ आणला. मग सूटमध्ये शुद्ध ऑक्सिजन, पाच पॉइंट. तुमच्या मिस्टरांच्या मोटारसायकलच्या चाकात याच्या सहापट हवा असते.

सूटमध्ये पाचच का? पूर्ण दाब ठेवला तर काय बिघडतं? (अमळनेरहून, आयटीआयचा विद्यार्थी)

हात वाकणार नाही. ट्यूबमध्ये हवा भर आणि दुमडायला जा, कळेल. बाहेर पोकळी असली की आतला थोडा दाबही कापडाला फुगवून ताठ करतो. १९६५ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा बाहेर आलेला रशियाचा अलेक्सी लिओनोव्ह याच पेचात सापडला. बारा मिनिटं बाहेर होता, सूट असा फुगला की परत आत मावेना. शेवटी त्याने सूटमधली हवा थोडी सोडून दिली आणि कसाबसा आत शिरला. हवा सोडणं म्हणजे तिथे प्राणच सोडणं, तरी सोडली. आयझॅकमन आणि गिलिसने बाहेर येऊन कवायत केल्यासारखे हात फिरवले ते याच्यासाठी. खांदा किती वळतो, मूठ किती मिटते. बघणाऱ्याला कंटाळवाणं, सूट शिवणाऱ्याला सोनं.

उड्डाण पुढे पुढे का ढकललं? इतक्या मोठ्या कंपनीला तारीख पाळता येत नाही? (भडगाव)

ऑगस्टच्या शेवटी निघायचं होतं. ऐन वेळी जमिनीकडच्या नळीच्या जोडणीत हेलियमची गळती सापडली. यानात नव्हे, यानाला खालून जोडलेल्या, उडताना सुटून येणाऱ्या नळीत. वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी होती, मी चारदा वाचली.

भाऊ, तारखेवर हसू नका. माझी एक गोष्ट सांगतो. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. थंडीची रात्र, सावद्याकडून आलेली केळीची गाडी, दिल्लीला जायची. दोन डब्यांमधल्या होज पाईपच्या तोंडातला रबरी वॉशर चपटा झाला होता. नवा आणायला गोदामापर्यंत जायचा कंटाळा आला. बोटाने दाबून पाहिला, म्हटलं, चालेल. गेजचा काटा ५३ ला पोचेना. ड्रायव्हर शिट्टी देतोय, गार्ड कंदील घेऊन खाली उतरलेला, आणि मी साबणाचं पाणी घेऊन एकेका जोडणीवर बुडबुडे शोधतोय. चाळीस मिनिटं गेली. वॉशर तोच निघाला. माझ्या हातचा. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, बोलले काहीच नाहीत.

तो वॉशर हवा अडवत नव्हता. हेलियम तर हवेपेक्षा कितीतरी चपळ. जिथून हवा जाणार नाही तिथूनही तो निसटतो. म्हणून टाक्यांमध्ये दाब ठेवायला हेलियम वापरणारा प्रत्येक जण त्याच्या मागे धावत असतो.

गळती झाली आणि मग हवामान आडवं आलं. तेही निघायच्या जागेचं नाही, उतरायच्या जागेचं. हे यान स्थानकाला जोडलं जाणार नव्हतं. खाणंपिणं, हवा मोजून पाच-सहा दिवसांची. ठरल्या दिवशी समुद्र खवळलेला असला तर थांबायला जागा नाही. म्हणून परतीचं हवामान नीट दिसल्याशिवाय निघायचंच नाही. शेवटी १० सप्टेंबरला निघाले आणि १५ ला, रविवारी, फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरले. मी तेव्हा जेवत होतो, भरीत आणि कळण्याची भाकरी. ताट तसंच ठेवून उठलो, ते हिला आवडलं नाही.

त्याच यानाने सुनीता विल्यम्सला खाली का आणलं नाही? (नंदुरबार, शिक्षिका)

बाई, हे तर मलाही वाटलं होतं. पण खुर्च्या चार आणि माणसं चार. शिवाय स्थानकाला जोडायचं यंत्र जिथे असतं तिथेच त्यांनी तो बाहेर यायचा कठडा बसवला होता. दार एकच, एक तर स्थानकाला चिकटवा नाही तर बाहेर उघडा. आणि वाटही निराळी. स्थानक असतं सुमारे चारशे किलोमीटरवर. हे पहिल्या दिवशी चौदाशे किलोमीटरपर्यंत चढले, पृथ्वीभोवती फिरताना इतक्या उंचीवर माणूस आजवर गेला नव्हता. आधीचा आकडा १९६६ च्या जेमिनी ११ चा, १३७३. बाहेर येण्याआधी कक्षा खाली आणली, सातशेच्या आसपास.

सुनीताताई ज्या स्टारलायनर यानातून स्थानकावर गेल्या ते आपले गणपती बसले त्या सकाळी, ७ सप्टेंबरला, रिकामंच परत आलं. त्याचं दुखणंही काय होतं? हेलियमची गळती आणि काही इंजिनं दगा देत होती. त्यांना फेब्रुवारीत दुसऱ्या ड्रॅगनने आणायचं ठरलं होतं, त्या आल्या २०२५ च्या मार्चमध्ये. आणि बाहेर जाण्याचंच म्हणाल तर त्यांच्या नावावर नऊ वेळा बाहेर जाणं आहे, बासष्ट तासांच्या वर. आपल्याकडचे शुभांशू शुक्ल २०२५ मध्ये स्थानकावर जाऊन आले, तेही एका खासगी कंपनीच्या मोहिमेतून, पण तिकीट आपल्या सरकारचं.

इतला पैसा कसाले? इकडे केळीवर रोग आलाय, भाव नाही, आणि हे लोक हवा खायला वर जातात. (रावेरहून एक शेतकरी)

भाऊ, तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पैसा सरकारचा नाही. आयझॅकमनने दुकानदारांना कार्डाने पैसे घेण्याची यंत्रणा पुरवणारी कंपनी काढली, शिफ्ट फोर. त्यातून तो श्रीमंत झाला. २०२१ मध्येही एकदा वर जाऊन आला होता. या खेपेचा खर्च त्याने आणि स्पेसएक्सने वाटून घेतला. कुणी किती, ते त्यांनी बाहेर सांगितलेलं नाही. बरोबरच्या दोघी, गिलिस आणि मेनन, स्पेसएक्समध्येच इंजिनिअर होत्या. पोटीट हवाई दलातून निवृत्त. म्हणजे फुकट फिरायला नेलेले मित्र नव्हेत.

हौस आहे का? आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या गावात लग्नात हत्तीवरून वरात काढणारा असतो तशी हौस. पण हा हत्तीवर बसताना हत्तीचं वजन, खोगिराची दोरी आणि स्वतःची नाडी मोजून घेतो, एवढा फरक. चाळीसच्या आसपास प्रयोग बरोबर नेले होते. त्यातला एक मी दोनदा वाचला. डोळ्यात घालायची काच, कॉन्टॅक्ट लेन्स, आणि तिच्यात डोळ्याच्या आतला दाब मोजायची सोय. वर गेल्यावर रक्त आणि पाणी डोक्याकडे सरकतं, डोळ्यांवर परिणाम होतो, नजर बदलते. मला काचबिंदू आहे. रोज रात्री थेंब टाकतो, आणि दर काही महिन्यांनी जळगावला जाऊन हनुवटी यंत्रावर टेकवून दाब मोजून घेतो. त्या मधल्या दिवसांत दाब किती होता, कुणालाच कळत नाही. अशी लेन्स उद्या खरंच मिळाली तर मी आयझॅकमनची हौस माफ करीन. मिळेलच असं मात्र कुणी म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणत नाही.

तुमच्या केळीला याचा काही उपयोग नाही. असं जोडून दाखवायचा प्रयत्न मी करून पाहिला, जमला नाही, खोडून टाकला. रोगट रोपं उपटून जाळा, शेजाऱ्यालाही उपटायला लावा, मावा आवरा आणि बागेत किंवा बांधालगत काकडी-भोपळ्याचे वेल ठेवू नका. त्याच्यावर पुढच्या अंकात कृषी महाविद्यालयातले एक प्राध्यापक लिहिणार आहेत, संपादकांनी कबूल केलंय.

तुम्हाला नेलं असतं तर गेला असता का? (पारोळा, सही नाही)

डोळ्यांमुळे घेणार नाहीत. घेतलं असतं तरी मी बाहेर आलो नसतो. झाकण बंद केल्यावर ते गेजकडे टक लावून बसतात. काटा हलतो की नाही बघायला. तेवढ्यापुरतं मला बोलवा म्हणावं.

दुरुस्ती. मागच्या अंकात मी लिओनोव्ह १९६६ साली बाहेर आला असं लिहिलं होतं. पाचोऱ्याच्या एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवलं, त्यावर फक्त "१९६५". मिळालं.