बास गिटारच्या ॲम्पमधून खरखर येते, आवाज बारीक होत मधेच जातो, आणि ई तार जोरात मारली किंवा ॲम्पवर थाप मारली की परत येतो. मी नागपुरात वाजवतो. मेकॅनिक म्हणतो आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारे) बदला. बदलू की नवाच घेऊ?

ट्रान्झिस्टर बदलू नका. निदान आधी तरी नाही.

तुम्हीच लिहिलंय की आवाज आधी बारीक होतो, खरखरतो, मग जातो. आणि ई तार जोरात मारली किंवा ॲम्पवर थाप मारली की परत येतो. भाऊ, गेलेला ट्रान्झिस्टर थाप मारून परत येत नसतो. तो जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो. मग फ्यूज उडतो, नाहीतर स्पीकरवर सरळ डीसी जाऊन कॉइल जळते. जा-ये करणारा आवाज म्हणजे कुठेतरी जोड सैल: जॅक, रिले (आतला आपोआप लागणारा स्विच), सोल्डर नाहीतर वायर. पण आपल्याकडे ॲम्प उघडला की आधी ट्रान्झिस्टर, मग मोठे कपॅसिटर बदलायची पद्धतच पडून गेलीय. बिल होतं, खरखर तशीच राहते.

केबल आणि बास बदलून पाहिली असेलच. बास ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली) असेल तर तिची ९ व्होल्टची बॅटरीही बघा.

आता ॲम्पच्या मागे या. इफेक्ट्स लूपचे, म्हणजे बाहेरचे इफेक्ट जोडायचे, सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतील. रिटर्नच्या आत स्प्रिंगची एक पत्ती असते. जॅक रिकामा असला की प्रीॲम्पचा (सूर घडवणारा पुढचा भाग) अख्खा सिग्नल त्या पत्तीवरूनच पॉवर ॲम्पकडे (स्पीकर चालवणारा भाग) जातो. बासवाले सहसा लूप वापरत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं तिथे पिन शिरत नाही, पत्ती घासली जात नाही आणि तिच्यावर काळपट थर चढतो. हलका स्वर त्या थरातून पार होत नाही, जोराचा होतो. तुमचं 'जोरात मारलं की परत येतो' इथे तंतोतंत बसतं. नागपुरात याला कूलरची मदत असते. उन्हाळाभर प्रॅक्टिस रूममध्ये डेझर्ट कूलर चालू, आणि ॲम्प नेमका त्याच्या तोंडाशी. ओली हवा आणि धूळ दोन्ही त्या भोकांत जातात. ॲम्प तिथून आधी हलवा.

तपासायला एक छोटी पॅच केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावा आणि अर्धा तास वाजवा. आवाज एकदाही गेला नाही तर चोर सापडला. कायमचं करायचं असेल तर प्लग भिंतीतून काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मोनो पिनवर (साध्या गिटार केबलच्या टोकावर) मारा आणि ती पिन रिटर्नमध्ये दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. दहा मिनिटं वाळू द्या. इनपुट जॅकलाही तेच. बिजागऱ्यांना मारायचा गंज काढायचा स्प्रे इथे चालत नाही, त्याचं तेल मागे राहतं आणि धूळ धरून बसतं. क्लीनर नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात मिळतो. (काही ॲम्पांत लूप समांतर असतो, रिटर्नमध्ये पत्तीच नसते, तिथे ही चाचणी काही सांगत नाही.)

पॅच लावूनही खरखर राहिली तर लाइन आउटमधून (प्रीॲम्पचा सिग्नल बाहेर देणारा जॅक) ऐका. तिथेही खरखर असेल तर दोष प्रीॲम्पकडे. तिथे स्वच्छ आणि स्पीकरवर घाण असेल तर पुढे शोधा. चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी 'टक' होतं का? तो रिले. त्याचे कॉन्टॅक्ट जळाले की कमी आवाजात स्वर फाटका येतो आणि मोठ्या आवाजात साफ. त्याला पॉलिश पेपर लावू नका, रिलेच बदला. कॉइलचा व्होल्टेज, म्हणजे त्यावर छापलेला १२ किंवा २४, तोच हवा. कॉन्टॅक्टचे ॲम्पिअर कमी नकोत.

मग सोल्डर. चार तारांच्या बासची मोकळी ई साधारण ४१ हर्ट्झची, आणि कॉम्बोमध्ये सर्किट स्पीकरच्याच खोक्यात. म्हणजे सर्किटची प्लेट रोज स्पीकरसोबत हादरते, वर टेम्पोचे धक्के. भिंगातून जॅकचे आणि पॉटचे (फिरवायच्या बटणांचे) पाय बघा: चांगला टाका चकचकीत, उताराचा, फुटलेल्यात पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते. सिमेंटच्या ५ वॉटवाल्या रेझिस्टरचे पायही बघा, तापून तापून तिथलं सोल्डर फुटतं. वरून नवा थेंब टाकून भागत नाही. जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) ओढून घ्या, फ्लक्स (टाका नीट बसवणारं रसायन) लावा, नवं भरा. जाड ग्राउंडच्या टाक्याला २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही.

स्पीकरही सोडू नका. वायर काढून मल्टिमीटर ओहमवर लावा: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो, ४ चा ३ च्या आसपास. मीटर लावलेलाच ठेवून कोनला जाणाऱ्या विणलेल्या तारा बोटाने हलवा. आकडा उडाला तर तिथेच तुटलंय. मागच्या चपट्या टर्मिनलच्या क्लिपाही ढिल्या होतात, पकडीने दाबून घ्या.

खरखर न होता अर्ध्या तासाने आवाज एकदम गायब आणि थंड झाल्यावर परत, असं होत असेल तर गोष्ट वेगळी: थर्मल कटऑफ, म्हणजे तापल्यावर ॲम्प स्वतःच बंद होणं. मे महिन्यात ४५ अंशांत गच्चीवर शो केला की फॅनमधली धूळ आधी काढायची. आणि ४ ओहमपर्यंतच चालणाऱ्या ॲम्पला ४-४ ओहमचे दोन कॅबिनेट समांतर जोडले की भार २ ओहम होतो, मग ॲम्प बंद पडणारच.

तरीही मेकॅनिकचाच हट्ट असेल तर त्याला जुने ट्रान्झिस्टर परत मागा. बाहेर काढलेला ट्रान्झिस्टर मीटरच्या डायोड रेंजवर कलेक्टर ते एमिटर या दोन पायांत शॉर्ट दाखवत नसेल तर तो बहुतेक चांगलाच होता. गरम झाल्यावरच रुसणारा एखादा असतो, पण क्वचित, आणि तोही थाप मारून बरा होत नाही. नवा ॲम्प घ्यायचा की नाही, हे पॅच केबल लावून पाहिल्यावर ठरवा.

आणि हो, ॲम्प व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) असेल तर यातलं उघडून करायचं काहीही घरी करू नका. आत व्होल्टेज अनेकदा ४०० च्या वर असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकतो. तो ॲम्प स्पीकर न जोडता चालूही करायचा नसतो.