नसबंदी झालेली मांजर परत हीटवर (माजावर) आल्यासारखी करते, असं होतं का?
हो होतं. ऑपरेशनला आठ-दहा दिवसच झाले असतील तर थांबा जरा, हार्मोन उतरायला वेळ लागतो. पण महिने उलटलेत आणि तरी रात्रभर घसा ताणून ओरडते, पुढून वाकून ढुंगण वर करते, शेपूट बाजूला घेते, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत तेच, तर बहुतेक ओव्हरीचा (अंडाशयाचा) बारीकसा तुकडा आत राहिलाय (आमच्या मनीचं दोन वर्षांनी कळलं, तोवर शेजारी वैतागलेले!). हीटवर असतानाच व्हेटकडे न्या, योनीतून घेतलेल्या स्वॅबमध्ये तेव्हाच नीट दिसतं, एएमएचची (ओव्हरीत तयार होणाऱ्या हार्मोनची) ब्लड टेस्ट पण असते. तुकडा आत सापडलाच तर परत ऑपरेशन. आणि हो, घरात कोणी इस्ट्रोजेनचं क्रीम लावत असेल तर तिला चाटू देऊ नका, त्यानेही असं होतं.